हळदीच्या दिवसांतला मराठीचा तास

मार्च लागला की शाळेत जाताना माझ्या स्कूटीचा वेग आपोआप कमी होतो. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी मोकळ्या रानात हळद शिजवायचा कुकर लागलेला असतो, लोखंडी पिंपांतून पांढरी वाफ वर चढत असते आणि तो दर्प एकदम अंगावर येतो. शिजणाऱ्या हळदीचा वास आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या हळदीसारखा नसतो. त्यात ओली माती असते, कच्ची मुळं असतात, थोडा कापूर असतो. ओढणीला लागला की संध्याकाळपर्यंत निघत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने माझं डोकं दुखायचं. आता तो आल्याशिवाय वर्ष पुढे सरकल्यासारखं वाटत नाही.

सध्या माझी शाळा नरसी नामदेवच्या बाजूला आहे. ऊन वाढलं म्हणून शाळा सकाळची झाली आहे. शनिवारी मुलं घरी गेली की मी आवारातल्या लिंबाखाली उभी राहते, फोन तोंडाजवळ धरते आणि बोलते, "नमस्कार पालकहो. या आठवड्यात सातवीच्या मराठीच्या तासाला आपण काय केलं ते सांगते." दोनतीन मिनिटांत संपतं. पलीकडे कुणी खुरपं हातात धरून ऐकतं, कुणी ट्रॅक्टर बंद करून. कुणी ऐकतही नसेल. ही सवय मला लागली ती डोंगरकडा गावाच्या पलीकडच्या एका लहान गावात, अशाच हळदीच्या दिवसांत.

त्या गावाला कालव्याचं पाणी होतं, म्हणून केळी होती आणि घरटी हळद होती. जानेवारीत पाला कापायचा, फेब्रुवारीत कंद काढायचे, मग शिजवायचे, वाळवायचे, ढोलात घालून चमकवायचे. या दिवसांत गावातलं काहीच पिवळं व्हायचं राहत नसे. बायांच्या पायांच्या भेगा पिवळ्या, म्हशीच्या पाठीवर कुणीतरी थोपटलेला पंजा पिवळा. मुलांच्या वह्या तपासताना पानाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उठलेला दिसायचा, म्हणजे पान उलटण्याआधी पोरगं आईबापाबरोबर रानात जाऊन आलेलं असायचं.

अशात आम्ही पालक सभा ठेवली. मुख्याध्यापकांनी फळ्यावर रंगीत खडूने 'पालकांचे स्वागत' असं लिहून घेतलं, सतरंज्या अंथरल्या. दोघं आले. एक आजोबा, ज्यांचा नातू चौथीत होता आणि त्यांना तो सातवीत आहे असं वाटत होतं. दुसरे गृहस्थ दाखला न्यायला आले होते, बसा म्हटलं म्हणून बसले. मी सातवीच्या मराठीविषयी बोलायची तयारी करून आले होते. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगं जेवते का बराबर शाळंत?"

संध्याकाळी रस्त्यात एक आई भेटली. डोक्यावर घमेलं, त्यात पाण्याची रिकामी कळशी. मी म्हटलं, "आज सभा होती, आला नाहीत." ती थांबली. "म्याडम, हळद उघडी पडली वावरात. तिला तशीच टाकून कसं यावं? तुमीच फोनवर सांगा ना काय सांगायचं ते. आमी ऐकू."

म्हणून मी सांगायला लागले. वर्गाच्या पालकांचा ग्रुप होताच, पण त्यावर आजवर फक्त सूचना जायच्या: आधार कार्ड आणा, उद्या सुट्टी आहे. पहिल्या शनिवारी मी सांगितलं की आम्ही एक गोष्ट अर्ध्यावर थांबवली आणि पुढे काय होईल ते मुलांनी रचलं. गोष्ट एका म्हातारीची होती, जिचं कोंबडं पहाटे आरवायचं बंद झालं. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली, गुलाबाची फुलं आली. आणि एका बापाचा आवाज आला, मागे इंजिनची धडधड: "काहून म्याडम, मराठी तर आमच्या पोराला येतेच. जलमापासून बोलून राहिला. मग रोज तासभर शिकवता काय?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. रविवारभर भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तोच प्रश्न डोक्यात. पुढच्या शनिवारी मी त्याच्या मुलाबद्दलच सांगितलं. तो वर्गात उभा राहून कुकरचं झाकण कसं उघडतात ते सांगत होता. आधी कुणी ओरडून बाकीच्यांना मागे सारतं, मग चेहरा वळवून कडी कशी सोडतात, वाफ कुठून फुटते. त्याने इतकं नीट सांगितलं की पुढच्या बाकावरच्या मुलीने आपला हात मागे घेतला. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या मुलाला बोलता येतं हे खरं. पण ऐकणाऱ्याचा हात मागे यावा असं सांगता येणं, ते शिकवते मी." मंगळवारी त्याने पोराच्या हाती केळीचा एक फणा पाठवला.

फोनला आवाज कमी म्हणून बाया तो रिकाम्या घमेल्यात ठेवायच्या. मग माझा आवाज घुमून पाचसहा सऱ्यांपर्यंत जायचा. ज्यांचं कुणी शाळेत नव्हतं त्याही ऐकायच्या. पार्वताबाई त्यांतल्याच. साठी ओलांडलेली, मजुरीला जाणारी, नातवंडं पुण्याकडे. तिने मला एकदा पाणंदीत अडवलं. "म्याडम, त्या म्हातारीच्या कोंबड्याचं पुढं काय झालं? तुमी तिथंच सोडलं."

रेणुका याच वर्गात होती. उंच, सावळी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. बोलताना तिचे हात गप्प राहत नसत. 'विहीर' म्हणताना हात खोल जायचा, 'वारा' म्हणताना बोटं थरथरायची. इतर मुलं कधीमधी तिची नक्कल करायची. कारण सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आईला, कौसल्याबाईला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. शाळेत ती कधी गेली नव्हती, त्यामुळे लिहिलेलंही वाचता येत नव्हतं. गावात तिचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'मुकी' म्हणत. मायलेकी घरात हातांनी बोलायच्या. त्या खुणा कुठल्या शाळेत शिकवलेल्या नव्हत्या, घरच्या घरी तयार झालेल्या होत्या. बाजारात, रेशनच्या दुकानात, मजुरी ठरवताना रेणुका आईच्या शेजारी उभी असायची. लोक आईशी बोलायचंच नाहीत, थेट तिच्याशी बोलायचे.

मी मुलांना आवाज लिहायला सांगितले होते. भांडी खणखणतात, पाला सळसळतो, वगैरे पुस्तकात असतंच. मी म्हटलं, ते नको. आपल्या घरातला आवाज लिहा. रेणुकाने उभं राहून वाचलं: "माझी आई भांडं ठेवते तेव्हा आदळते. दार लावते तेव्हा आदळते. तिला कुणी सांगितलं न्हाई की आवाज होतो. म्हणून आमचं घर गल्लीत सगळ्यात जास्त आवाज करते. शाळेतून येताना मला लांबूनच कळते, आई घरी हाय."

मागच्या बाकावर एकजण हसला आणि मध्येच थांबला. फळ्याकडे वळून मी उगाच तारीख पुन्हा गिरवली.

शनिवारी तिला विचारून मी ते ग्रुपवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा, मारोतीचा, फोन आला. तो हळद शिजवणाऱ्या टोळीत होता. हंगामभर कुकर घेऊन गावोगाव फिरायचा आणि आठदहा दिवसांनी घरी यायचा. म्हणाला, "ऐकलं म्याडम. कुकरचा आवाज होता म्हणून लांब जाऊन ऐकलं. दोनदा ऐकलं."

"तिच्या आईला सांगा ना," मी म्हटलं.

"कसं सांगू? मला जेवण, पाणी, पैसे, ताप, एवढ्या खुणा येतात. संसार तेवढ्यावर झाला आमचा." मग म्हणाला, "तिच्या मायीला तुमीच सांगा. आन् आठवीचं बी तिलाच इचारा. घर तीच चालवते. ती व्हय म्हणली तर माझी काही तकलीफ न्हाई."

आमची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला एस.टी.ने डोंगरकड्याला जावं लागे, सकाळी निघून संध्याकाळी परत. दरवर्षी काही मुली सातवीनंतर घरीच राहायच्या. रेणुका कधीपासून सांगत होती की ती जाणार नाही. का, विचारलं की म्हणायची, "आई न्हाई म्हणते."

मी घरी गेले. कौसल्याबाईचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. मला बघून तिने ते घाईने धुतले आणि आतून खुर्ची आणून धाडकन ठेवली. मी दचकले. रेणुका ओठ दाबून हसली. गुरुजी किंवा बाई घरी आल्या म्हणजे पोराने काहीतरी केलं, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. कौसल्याबाईच्या चेहऱ्यावरही तीच भीती होती. म्हणून मी आधी चांगलंच बोलले. तुमच्या मुलीने वर्गात जे वाचलं तसं मी इतक्या वर्षांत ऐकलं नाही, तिच्याकडे नजर आहे, शब्द आहेत, तिने पुढे शिकलं पाहिजे. बरीच बोलले. रेणुकाने तळहातावर बोट फिरवलं, मग चिमूट ओठांशी नेली, चव घेतल्यासारखी. संपलं. कौसल्याबाईने मान डोलावली.

"काय सांगितलंस?"

"अभ्यास चांगला चालू हाय म्हणून."

"आणि बाकीचं?"

रेणुकाने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "त्याला खुणा न्हाईत म्याडम."

'नजर' आणि 'शब्द' हे तिने कशाने दाखवायचं? मग मी म्हटलं, "बरं, आठवीचं विचार. एस.टी.चं, डोंगरकड्याचं. मी सांगते म्हणावं."

रेणुकाने हात हलवले. कौसल्याबाईने तिच्याकडे पाहिलं, मग ओशाळल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

"न्हाई म्हणते," रेणुका म्हणाली.

थोड्या वेळाने कोरा चहा आला. तो पिऊन मी निघाले. दारापर्यंत येताना मनात एकच होतं, की त्या हातांच्या हालचालीत ना एस.टी. होती, ना लांबचा रस्ता. खुणा येत नसल्या तरी एवढं दिसत होतं.

इतक्या वर्षांत पालकांना आपण काय कळवतो याचा मी कधी विचार केला नव्हता. गैरहजर आहे. अक्षर खराब आहे. गुण कमी पडले. जे आकड्यात बसतं ते कळतं. गणिताचं बोटांवर दाखवता येतं. पण एखादी मुलगी आज एका वाक्यापाशी थांबली, तिने एक शब्द खोडून दुसरा लिहिला आणि तो बरोबर होता, हे बोलत्या आईबापांना तरी कुठे सांगितलं होतं मी? आता कुठे शनिवारचं बोलणं सुरू केलं होतं. आणि सगळ्या गावात घमेल्यातून घुमणारा तो आवाज नेमका याच एका आईपर्यंत पोचत नव्हता.

पुढच्या रविवारी मी खळ्यावर गेले. गावाच्या कडेला एका शेतकऱ्याचं मोठं खळं होतं. शिजलेली हळद तिथे वाळत पडलेली, उन्हात नारिंगी दिसणारी, आणि बाया कडेला सावलीत बसून हळकुंडांची मुळं खुडत होत्या, गड्डे वेगळे करत होत्या. पार्वताबाई होती, तिच्या शेजारी कौसल्याबाई. मी त्यांच्यात बसले आणि हळकुंड हातात घेतलं. बायांना आधी अवघडल्यासारखं झालं. मग पार्वताबाई म्हणाली, "बसू द्या. नखं पिवळी झाली की जातील उठून."

मी उठून गेले नाही. त्या रविवारी नाही आणि नंतरच्या रविवारीही नाही. पार्वताबाईला शेजारामुळे बऱ्याच खुणा यायच्या. ती मला सांगायची, कौसल्याबाई दुरुस्त करायची आणि माझी बोटं धरून नीट वळवायची. मला त्यांच्यात नाव होतं हेही तिथेच कळलं. मी घड्याळ उजव्या हातात घालते, म्हणून उजव्या मनगटावर दोन बोटं ठेवली की मी. मारोती म्हणजे दोन्ही हातांनी वर जाणारी वाफ. आणि कानाच्या पाळीला बोट लावलं की रेणुका.

"ती तान्ही होती तवाचं हाय ते," पार्वताबाई म्हणाली. "हिला भ्या होतं, लेकरू बी मपल्यासारखंच निघते की काय. मग म्या पाळण्यामागं ताट वाजवलं आन् पोरीनं मान वळवली. दिसभर ही ज्याला त्याला कान दाखवत फिरली."

ओठांपुढे बोटांची उघडझाप म्हणजे बोलणं. ही खूण करताना कौसल्याबाईचं तोंड किंचित वाकडं व्हायचं. लोक बोलतात ते बहुधा आपल्याबद्दल, असा तिचा अनुभव असावा. माझा विषय म्हणजे तीच खूण होती. तिची मुलगी शाळेत जाऊन लोकांसारखी तोंडं हलवायला शिकते, एवढंच तिला माझ्या तासाविषयी ठाऊक होतं. मी तिला काहीतरी वेगळं दाखवायचा प्रयत्न केला. तोंडापासून हात काढून तिच्या छातीपर्यंत नेला. तिला कळलं की नाही कोण जाणे. तिने माझा हात धरून परत हळदीत ठेवला. काम थांबलं होतं ना.

एका दुपारी मी धीर केला. कानाला बोट लावलं, मग बसचं चाक फिरवलं, लांब दाखवलं, तळहातावर बोट फिरवलं, सूर्य बुडवला, परत आणलं. आणि प्रश्नार्थक चेहरा करून तिच्याकडे पाहिलं. मग त्या दिवशीची आठवण दिली. तू नाही म्हणालीस, अशी मान हलवून दाखवली.

कौसल्याबाईच्या हातातलं हळकुंड तसंच राहिलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग दोन्ही मुठी वरखाली करत धार काढल्यासारखं केलं, कप दाखवला, माझं मनगट दाखवलं आणि नाही म्हणून मान हलवली.

पार्वताबाई आधी समजली आणि हसायलाच लागली. "अवं म्याडम, पोरीनं हिला दूध हाय का म्हणून इचारलं होतं. तुमच्या चहाला. ही न्हाई म्हणली."

बाया हसल्या. मलाही हसू आलं, त्या कोऱ्या चहाची चव आठवून. कौसल्याबाई मात्र हसली नाही. ती उठली, हात झटकले आणि उन्हात जाऊन उभी राहिली, गावाकडे तोंड करून. थोड्याच वेळात रेणुका भाकरी घेऊन येणार होती.

रेणुका आली. तिने मला पाहिलं, आईचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. पुढे जे झालं ते सगळं शांततेत झालं. वाळत्या हळदीच्या कडेला दोघी समोरासमोर उभ्या, चौघींचे असावेत असे हात चाललेले. बायांची खुडणी थांबली. मी उठू लागले तशी पार्वताबाईने माझा पदर धरला. "आता मधी पडू नका."

मला त्यातलं थोडंच कळत होतं. रेणुका आईकडे बोट दाखवत होती, बाजार दाखवत होती, लोकांची तोंडं दाखवत होती. कौसल्याबाईने तिचे हात धरून खाली केले. मग तिने स्वतःचा तळहात रेणुकाच्या डोक्यावर धरला, तिथून खाली आणला, खांद्याएवढा, कमरेएवढा, गुडघ्याएवढा, आणखी खाली, जमिनीला टेकेपर्यंत. मग जमिनीवरून हात झाडून टाकला. काहीच नाही. आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून एकामागून एक दाखवत गेली: विळा, चूल, घास, डोक्यावरचं ओझं, चालणं.

रेणुका रडायला लागली. भाकरीचं फडकं तिने पार्वताबाईपुढे ठेवलं. मी हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

"ती म्हणते," रेणुकाने नाक पुसलं, "तू नव्हतीस तवा म्या काय उपाशी बसले होते का?"

पार्वताबाई म्हणाली, "खरंच हाय ते. लगीन होऊन आली तवा तू कुठं होतीस? इशाऱ्यावर बाजार करायची. फसायची बी. पण करायची."

मला वाटलं होतं, गाठ सुटली म्हणजे मुलगी खूश होईल. ती झाली नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, पण हात बाकाखाली ठेवून. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी ती एकटी होती. मी काही विचारलं नाही, बाटली भरत उभी राहिले. तीच म्हणाली, "म्याडम, मला वाटायचं माझ्याबिगर आईचं चालतच न्हाई."

"चालतं बहुतेक," मी म्हटलं.

"व्हय. परवा बाजारात एकटीच गेली. मला घरी बसवून गेली." ती नळाकडे बघत होती. "वांगे आणाय गेली आन् टमाटे घेऊन आली. दुकानदाराला बोट भलतीकडं दिसलं. मंग आमी दोघी हसलो."

"मग वांग्यांचं काय केलं?"

"टमाटेच खाल्ले."

मग तिने सांगितलं की तिने आईला ते आवाजाचंही सांगितलं. खूण नव्हती, तर नवीन केली. भांडं आपटायचं आणि हवेत तरंग काढत तो हात शेजारच्या घरापर्यंत, त्याच्या पुढच्या घरापर्यंत न्यायचा. कौसल्याबाईला आधी पटेना. मग ती लाजली. आपण इतकी वर्षं गल्लीला त्रास देतो म्हणून दुसऱ्या दिवसापासून भांडी दोन्ही हातांनी अलगद ठेवायला लागली, दार बोटाने लोटायला लागली.

"घर एकदम गप झालं म्याडम. शाळंतून आले तर कळंना, आई हाय का न्हाई. घरभर हुडकलं." रेणुकाचे हात आता बाहेर आले होते. "मंग म्याच तिला सांगितलं, आपट."

रेणुका आता बारावीला आहे. कळमनुरीला मुलींच्या वसतिगृहात राहते. तिच्या आईच्या फोनला आता चित्र दिसतं, त्यामुळे दोघी रोज हातांनी बोलतात. वसतिगृहातल्या मुलींनी त्यातल्या चारदोन खुणा उचलल्या आहेत, असं तिने मला कळवलं. तिला पुढे शिक्षिका व्हायचं आहे, असं मध्ये म्हणत होती. मागच्या महिन्यात म्हणाली, नाही, नर्स. ठरेल काय ते. मी ग्रुपवर बोलायला फोन हातात घेते तेव्हा अजूनही एकदा थांबते आणि मनात विचारते, हे हातांनी सांगायचं झालं तर कसं सांगशील? अर्ध्या वेळा मग मी आधी योजलेलं वाक्य बदलते, साधं करते.

त्या वर्षीच्या जूनमधली एक सकाळ मला नेमकी आठवते. शाळा उघडल्या होत्या. आठवीला जाणाऱ्या मुली फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होत्या, नवे गणवेश, तेल लावलेल्या वेण्या. मीही गेले होते, उगाचच. बाया आल्या होत्या पोरींना सोडायला. एस.टी. आली, खचाखच भरलेली. मुली कशाबशा चढल्या आणि खिडक्यांशी गेल्या. काचा अडकलेल्या, उघडेनात. इंजिन धडधडत होतं. बाहेरून आया ओरडत होत्या, "डबा खा बरं का", "उतरताना बघून उतर". आतून पोरी कानामागे हात धरून, काय, काय, असं करत होत्या. कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं.

रेणुका मागच्या खिडकीशी होती. कौसल्याबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. दोघी बोलत होत्या. सावकाश, घरात बोलावं तसं. काच मध्ये होती, आवाज होता, धूळ होती, त्यांना त्याचं काही नव्हतं. बस हलली. रेणुका गर्दीतून सरकत अगदी मागच्या काचेपाशी गेली आणि पुन्हा हात चालू झाले. बाकीच्या आया बोलायच्या थांबल्या आणि यांच्याकडे बघत राहिल्या. बस केळीच्या बागेच्या वळणावर गेली, दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे कौसल्याबाईचे हात खाली आले.

मग एका बाईने माझा दंड हलवला. "म्याडम, हिला इचारा ना. मपली पोरगी बसली का उभीच हाय?"

मी मला येत होत्या तेवढ्या खुणांनी विचारलं. कौसल्याबाईने सांगितलं, बसली, खिडकीशी. मग दुसरी पुढे आली, मग तिसरी. रेणुकाने काचेतून हातांनी कळवलेलं कौसल्याबाई रस्त्याकडे बघत एकेकीला सांगत गेली. ही उभी आहे, पण दांडी धरून. हिचा डबा दुसरीच्या मांडीवर. या दोघी हसतायत. मी जमेल तसं तोंडाने सांगत होते, एखादं चुकलं की ती माझी बोटं धरून नीट करत होती, आणि बाया आमच्याभोवती गोळा होऊन ऐकत होत्या.

सगळ्या घराकडे वळल्यावर मी कानाच्या पाळीला बोट लावून रेणुकाचं विचारलं.

कौसल्याबाईने गालावरून एक बोट खाली ओढलं. मग पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि माझ्या पुढे होऊन रानाकडे चालायला लागली.